माळ्यावरचा एक्झॉस्ट फॅन रात्री घरघरतो, झोप लागत नाही. बदलायचाच का?

रातराणी_७
नमस्कार मंडळी. आमच्या घराला उतरतं छत आहे आणि त्याखाली बुटका माळा, जेमतेम वाकून चालता येईल एवढा. त्याच्या एका टोकाच्या भिंतीत १८ इंची एक्झॉस्ट फॅन आहे, आठ वर्षं झाली बसवून. थर्मोस्टॅट ४० डिग्रीला लावलाय, माळा तापला की आपोआप सुरू होतो आणि थंड झाला की बंद. इतकी वर्षं काही त्रास नव्हता. गेल्या दोनेक महिन्यांपासून मात्र घूं घूं आणि मधूनच खडखड असा आवाज यायला लागलाय, आणि उन्हाळ्यात छत रात्री उशिरापर्यंत तापलेलंच राहतं त्यामुळे हे रात्री बारा-साडेबारापर्यंत चालतं. फॅनच्या बरोबर खाली आईची खोली. तिची झोप मुळातच कमी, आधी तिने पलंग खोलीच्या दुसऱ्या टोकाला सरकवून घेतला, आता आठवडाभर हॉलमध्ये दिवाणावर झोपतेय आणि मला म्हणते मला तिथेच बरं वाटतं. बरं काही वाटत नाहीये, मला कळतं ना. इलेक्ट्रिशियन येऊन गेला, तो वर चढलासुद्धा नाही, खालूनच ऐकलं आणि जुना झालाय नवीन टाका म्हणाला. हवा तर फॅन अजून छान फेकतोय. खरंच बदलायचाच का? कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

पाऊलवाट
ताई, लगेच बदलू नका. मी हीच चूक केलीय. आमच्याकडे असाच आवाज होता, सांगणाऱ्याने सांगितलं मोटर गेली, मी नवा फॅन आणून बसवला आणि पहिल्याच रात्री आवाज तस्सा. फॅनमध्ये काही बिघडलंच नव्हतं, ज्या पत्र्यावर त्याची फ्रेम आवळली होती तो पत्राच ढोलासारखा वाजत होता. आधी आवाज कुठून येतोय ते शोधा, मग खर्चाचं बघा.

वंगणवाला
पाऊलवाट यांना अनुमोदन. मी तीस वर्षं मोटर रिवाइंडिंग आणि पंख्यांची कामं केली, त्यावरून सांगतो, बाई, फॅनला हात लावायच्या आधी फक्त कान लावा. फॅन पूर्ण स्पीडला असताना कुणाला तरी खालून स्विच बंद करायला सांगा आणि स्वतः आईच्या खोलीत उभ्या राहून ऐका. स्विच पडला त्याच क्षणी आवाज कापल्यासारखा गेला तर तो आवाज विजेचा आहे, म्हणजे वाइंडिंग, कंडेन्सर किंवा रेग्युलेटर. पातं फिरत फिरत थांबेपर्यंत आवाज हळूहळू उतरत गेला तर तो बेअरिंगचा, पात्याचा नाहीतर हवेचा. एवढ्या एका गोष्टीने निम्मी शोधाशोध वाचते. आणि हो, फॅनला रेग्युलेटर आहे का तेही लिहा, कारण बटण फिरवून स्पीड कमी करायचे जे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असतात ते विजेची लाट कापून पाठवतात आणि मोटर त्याने गुणगुणते, लोक त्याला बेअरिंगचा आवाज समजतात.

रातराणी_७
काका खूप खूप धन्यवाद, आत्ताच करून बघितलं. रेग्युलेटर नाहीये, सरळ थर्मोस्टॅट आणि स्विच एवढंच. खालून स्विच बंद केला तेव्हा आवाज लगेच नाही गेला. घूं घूं होतं ते खाली खाली जात गेलं, म्हणजे आवाज जाडा जाडा होत गेला, आणि मधेच, साधारण अर्ध्यावर स्पीड आला असेल तेव्हा, तीन-चार सेकंद एकदम जोरात खडखडलं, अगदी कपाटावरचा डबा हलावा तसं, आणि मग एकदम शांत. पाती त्यानंतरही फिरत होती म्हणे, भाऊ वर गेला होता बघायला. आणि शेवटी अगदी थांबताना बारीक कर्रकर्र.

सूरपेटी
छान ऐकलंत हो तुम्ही. आवाज जाडा होत गेला हे फार महत्त्वाचं आहे. पाती हवा कापतात त्याचा स्वतःचा एक सूर असतो, मिनिटाला किती फेरे त्याला ६० ने भागायचं आणि पात्यांच्या संख्येने गुणायचं. तुमचा १४०० फेऱ्यांचा आणि चार पात्यांचा असेल तर तो सूर ९३ हर्ट्झच्या आसपास येतो. मोटरची विजेची गुणगुण सप्लायच्या दुप्पट असते, ५० च्या सप्लायला १०० हर्ट्झ, ६० च्या ला १२०. दोन्ही खर्जातले आणि इतके जवळ की फॅन चालू असताना कानाला वेगळे कळत नाहीत, पण स्विच बंद केला की पहिला मींड घेतल्यासारखा खाली उतरतो आणि दुसरा जागच्या जागी थांबतो. तुमचा उतरला म्हणजे वीज बरीचशी सुटली यातून.

मोजपट्टी
आणि मधली ती तीन-चार सेकंदांची खडखड म्हणजे अनुनाद. प्रत्येक फ्रेमची, पत्र्याची, फळीची हलायची स्वतःची एक गती असते, फॅनचा वेग उतरताना त्या गतीशी जुळला की ती वस्तू अंगात आल्यासारखी थडथडते, वेग पुढे गेला की शांत. म्हणजे तुमच्याकडे बहुतेक दोन गोष्टी एकत्र आहेत, फॅनमध्ये काहीतरी असंतुलन आहे जे हादरे देतंय, आणि बसवलेल्या जागी काहीतरी सैल आहे जे त्या हादऱ्यांवर वाजतंय. शेवटची कर्रकर्र तिसरी, त्याबद्दल वंगणवाला काकाच सांगतील.

निवांत_दुपार
मी काय म्हणते, माळ्याच्या जमिनीवर तो खळग्या-खळग्यांचा फोम मिळतो ना, तो अंथरला तर? किंवा फॅनभोवतीच खोका करून फोम लावायचा. कशाला एवढं खोलत बसायचं.

सूरपेटी
तो फोम खोलीतला घुमारा कमी करायला असतो, खर्जातल्या आवाजाला त्याने काहीच अडत नाही, आणि इथे आवाज हवेतून कमी आणि लाकडातून जास्त येतोय. वासा हलतोय, वाशाला सीलिंग अडकवलंय, सीलिंग म्हणजे आईच्या डोक्यावरचं पडदा ताणलेलं वाद्यच. वर काहीही अंथरलं तरी वासा हलायचा थांबत नाही.

वंगणवाला
आणि मोटरभोवती खोका कदापि करू नका. माळ्यावर भर दुपारी ५०-६० डिग्री सहज होतात, मोटर त्यातच कशीबशी स्वतःला गार ठेवते. वाइंडिंगच्या तारांवरच्या इन्सुलेशनचा जुना हिशेब असा की तापमान १० डिग्रीने वाढलं की आयुष्य निम्मं. खोका केला की वाइंडिंग जळालंच समजा, आणि माळ्यावर लाकूड, सामान, म्हणजे आगीची भीती वेगळी.

उंबरठा
रातराणी ताई, वर जाणार असाल तर कळकळीने सांगते, नुसता स्विच बंद करून जाऊ नका. थर्मोस्टॅटवाला फॅन स्वतःहून सुरू होतो, तुमचा हात पात्यात असेल आणि माळा तापेल. बोर्डावरचा वीज तोडणारा खटका, एमसीबी, पाडा, त्यावर चिकटपट्टीने कागद लावा की कुणी चालू करू नये, आणि टेस्टरने फॅनपाशी बघा. आमच्या नात्यातल्या एकाचं बोट असंच गेलंय. आणि सकाळी लवकर जा, दुपारी त्या उष्णतेत चक्कर येते आणि चक्कर आली तर खाली आणायला कुणी नसतं.

सुतारपक्षी
यात माझी भर, पाय फक्त वाशांवर किंवा वाशांवर आडव्या टाकलेल्या फळीवर ठेवा. मधल्या भागात खाली नुसतं सीलिंगचं बोर्ड असतं, ते माणसाचं वजन घेत नाही. दोन फळ्या घेऊन जायच्या, एकीवर बसायचं आणि दुसरी पुढे सरकवायची. नाकाला मास्क, अंगात पूर्ण बाह्यांचं, वर ग्लासवूल असेल तर दिवसभर खाज सुटते.

रातराणी_७
सगळ्यांचं ऐकलं. आज सकाळी साडेसहाला मी आणि भाऊ वर गेलो, एमसीबी पाडून, कागद लावून, खाली वहिनीला बोर्डापाशी बसवून. आता काय सापडलं ते सांगते. पात्यांवर धूळ तर होतीच, काळी चिकट, बोटाने ओढली की मेणासारखी निघत होती. पण एका पात्याच्या मागच्या बाजूला, बाहेरच्या तोंडाकडे, कुंभारमाशीने घर केलं होतं! मातीच्या तीन नळ्या एकाला एक चिकटवलेल्या, करंगळीएवढ्या, वाळून दगड झालेल्या. हिवाळ्यात फॅन बंद असतो तेव्हा केलं असणार आणि पुढे इतके महिने ते पात्याबरोबर गरगर फिरतंय. आत काही जिवंत नव्हतं, नळ्यांना भोकं पडलेली होती, म्हणजे पिल्लं उडून गेली असावीत. ओल्या फडक्याने भिजवून लाकडी पट्टीने काढलं, पातं वाकू नये म्हणून मागून हात धरून. किचनमधल्या काट्यावर ठेवलं तर ५ ग्रॅम भरलं. एवढ्याशाने इतका आवाज होईल?

मोजपट्टी
ताई होईल, आणि हिशेबच करून दाखवतो. ५ ग्रॅम वजन, केंद्रापासून समजा १५ सेंटिमीटरवर, फेरे मिनिटाला १४००. बाहेर ओढणारा जोर येतो साधारण १६ न्यूटन, म्हणजे दीड किलोच्या पिशवीपेक्षा जास्त ओढ, आणि ती ओढ सेकंदाला २३ वेळा दिशा फिरवून वर, बाजूला, खाली अशी शाफ्टला आणि फ्रेमला बसते. रात्रभर. वेगाच्या वर्गाने हा जोर वाढतो म्हणून पंखा हळू असताना ठीक वाटतो आणि स्पीड घेतला की अंगावर येतो. बेअरिंगनेही एवढे महिने तेच सोसलंय, त्यामुळे आता ते तपासाच.

वंगणवाला
मोजपट्टींनी माझ्या तोंडचं काढलं. आता बाई असं करा. एमसीबी बंदच ठेवून पातं हाताने हळू फिरवा, अगदी एका बोटाने. चांगलं बेअरिंग असेल तर ते तेलात फिरल्यासारखं जातं आणि थांबताना मागेपुढे झुलून थांबतं. खराब असेल तर बोटाला वाळू लागल्यासारखी कचकच लागते. मग पात्याचा बॉस, म्हणजे शाफ्टवर बसलेला मधला गोल भाग, धरून वर-खाली हलवून बघा, टक टक असा खेळ आहे का. पुढे-मागे, शाफ्टच्या लांबीत, थोडा खेळ असतोच, त्याने घाबरू नका, पण वर-खाली बिलकुल नको.

आणखी एक. तुमच्या मोटरला बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती साधी धातूची नळी, आहे का गोळ्यांचं बॉल बेअरिंग ते आधी बघा. बुश असेल तर कव्हरला तेल घालायचं छोटं भोक असतं आणि आत बुशभोवती नमदा असतो, त्या नमद्याने तेल पिऊन ठेवायचं आणि शाफ्टला थोडं थोडं द्यायचं असा तो प्रकार. त्यात हलकं मशीन ऑइल चार-पाच थेंब, थांबून पुन्हा चार-पाच थेंब, नमदा ओला होईपर्यंत, बस्स. गंज सोडवायचा स्प्रे मारू नका, तो मारला की दोन दिवस गप्प बसतं आणि मग आधीपेक्षा वाईट, कारण तो आत उरलेलं तेलच धुऊन काढतो आणि स्वतः उडून जातो. खोबरेल तर अजिबात नको, त्याची गरम जागी चिकटी होते. दुकानात आलेल्या किती पंख्यांची मी ती चिकटी खरवडलीय.

रातराणी_७
भोक नाहीये कुठे. आणि वाळू लागते काका, अगदी तुम्ही लिहिलंय तशीच. वर-खाली टकटकही आहे, मागच्या बाजूला जास्त. घर काढल्यावर परवा रात्री चालवून बघितला, तर ती मधली खडखड पुष्कळ कमी झाली, घूं घूं आहे, आणि थांबताना कर्रकर्र तशीच. आई म्हणाली फरक पडलाय, पण अजून ती हॉलमध्येच.

वंगणवाला
मग बॉल बेअरिंग आहेत आणि गेलीत. हे काम घरी करू नका असंच मी सांगेन, पण मोटर काढून दुरुस्तीवाल्याकडे न्यायला हरकत नाही, नवा फॅन घ्यायची गरज नाही. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, ६२०१ किंवा ६२०२ असं काहीतरी निघेल. ६२०२ म्हणजे आतलं भोक १५ मिलिमीटर, बाहेरून ३५, जाडी ११. नंबरपुढे झेडझेड असेल तर दोन्हीकडून पत्र्याची झाकणं, आरएस असेल तर रबरी सील. तुमच्यासारख्या धुळीच्या जागी रबरी सीलचं चांगलं. दोन्ही बदलून घ्या, एकच नको. आणि काम समोर उभं राहून करून घ्या: बेअरिंग शाफ्टवर चढवताना ठोका आतल्या रिंगवरच बसला पाहिजे, बाहेरच्या रिंगवर ठोकलं तर जोर गोळ्यांवर येतो, त्यांचे खड्डे पडतात आणि नवंकोरं बेअरिंग पहिल्या दिवसापासून घरघरतं. खोलायच्या आधी दोन्ही कव्हर आणि बॉडीवर खडूने रेघ मारा म्हणजे परत त्याच जागी बसतील. कंडेन्सर तपासून घ्या, कमजोर झाला असेल तर फॅन सुरू होताना रेंगाळतो आणि मोटर कण्हते. फॅन कसाही खोला, कंडेन्सरच्या टोकांना हात लावू नका, वीज बंद केल्यावरही तो भरलेला असू शकतो.

पाऊलवाट
मोटर खाली येईलच तर त्याच वेळी फ्रेमचं करून घ्या ताई. माझ्याकडे शेवटी यानेच आवाज गेला. फ्रेम आणि भिंत यांच्यात रबर हवं. आणि नुसतं मधे रबर घालून उपयोग नाही, मी पहिल्यांदा तेच केलं आणि काही फरक पडला नाही, कारण बोल्ट लोखंडाचा, तो फ्रेमलाही टेकलेला आणि भिंतीलाही, सगळा हादरा त्याच्यातून पलीकडे. बोल्टभोवती रबराची नळी आणि डोक्याखालीही रबरी वॉशर, म्हणजे लोखंडाला लोखंड कुठेच भेटलं नाही पाहिजे.

सुतारपक्षी
अगदी बरोबर, आणि आवळताना जीव खाऊन आवळू नका. रबर चेपून पापड झालं की ते रबर राहत नाही. वॉशर किंचित फुगलेलं दिसलं की थांबायचं आणि वर लॉकनट टाकायचा म्हणजे सैल होत नाही. तुमची भिंत विटेची आहे का लाकडी चौकटीवर पत्रा किंवा प्लाय? चौकट असेल तर फॅनच्या चारी बाजूंनी आडवे-उभे तुकडे घालून ती जड करून घ्या. आणि बाहेरच्या झडपा बघितल्या का? हवेने उघडणाऱ्या ज्या पट्ट्या असतात, त्यांच्या पिना झिजतात आणि एक जरी पट्टी सैल असली तर तुमची ती अर्ध्यावरची खडखड तीच असू शकते. चालू असताना बाहेरून लांब काठीने एकेक पट्टी दाबून बघा, जिच्यावर काठी ठेवल्यावर आवाज थांबला ती चोर.

रातराणी_७
झडपा! खालून तिसरी पट्टी. काठी लावली की चूप, काढली की खडखड. एका बाजूची पिन निम्मी झिजलीय. किती सोपं होतं हे आणि इतके दिवस आई दिवाणावर.

उंबरठा
ताई, एक वेगळाच मुद्दा, पण मला राहवत नाही. फॅन हवा बाहेर फेकतो तेवढी आत कुठून येते ते बघितलंत का? छताच्या कडेला किंवा समोरच्या भिंतीत जाळ्या असतील त्या धुळीने बुजल्या असतील तर फॅन उपाशी चालतो, आवाजही वाढतो आणि हवा मग खालच्या घरातून ओढली जाते. ढोबळ हिशेब असा की दर ३०० सीएफएमला (फॅन मिनिटाला किती घनफूट हवा फेकतो ते) १ चौरस फूट मोकळी वाट पाहिजे, आणि जाळीच्या तारा त्यातली बरीच खातात. घरात गॅस गीझर किंवा धुराड्याची काही शेगडी असेल तर हा नुसता आवाजाचा प्रश्न नाही. फॅनने घरातली हवा ओढली तर गीझरचा धूर वर जायच्या ऐवजी उलटा घरात येऊ शकतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही रंग नाही. फॅन चालू असताना माळ्याचं झाकण उघडून बघा, ते वर ओढलं जात असेल किंवा फटीतून हवा सूं करत वर जात असेल तर जाळ्या आधी साफ करा, फॅन नंतर.

रातराणी_७
उंबरठा ताई, हे तर मला सुचलंच नसतं. झाकण खरंच चिकटल्यासारखं वर बसतं, आम्हाला वाटायचं लाकूड फुगलंय. गीझर गॅसचा आहे, तोही बाथरूमच्या आतल्याच भिंतीवर. आजपासून जाळ्या साफ होईपर्यंत फॅन बंद, आणि भाऊ उद्या गीझरवाल्यालाही बोलावतोय.

मोजपट्टी
फार चांगलं केलंत. पुढेमागे कधी फॅन बदलायची वेळ आलीच तर तेवढ्याच आकाराचा ९०० फेऱ्यांचा बघा. पंख्याचा आवाज वेगाच्या साधारण पाचव्या घाताने वाढतो, म्हणजे १४०० वरून ९०० वर आलात तर हवा दोन-तृतीयांशापेक्षा थोडी कमी पडते पण आवाज ९ ते १० डेसिबलने उतरतो, आणि कानाला १० डेसिबल म्हणजे जवळपास निम्मा आवाज. हवा कमी वाटली तर मोठ्या पात्याचा आणि हळू फिरणारा घ्यायचा.

रातराणी_७
उशिरा लिहितेय, पण सांगितल्याशिवाय राहवेना. जाळ्यांमधून दोन बादल्या धूळ आणि जुनं पाखराचं घरटं निघालं, आता झाकण एका बोटाने उघडतं. गीझरची नळी तपासून झाली, सांधा सैल होता तो नीट केला आणि बाथरूमला वरती कायमची उघडी जाळीही पाडून घेतली. बेअरिंग ६२०२ च निघाली, दोन्ही बदलली, मी समोर उभी होते, दुरुस्तीवाल्याने आतल्या रिंगवर पाइप ठेवूनच ठोकली, मी काही बोलायच्या आधीच. म्हणाला मागच्या बेअरिंगमधलं ग्रीस वाळून पूड झालं होतं, बोटावर घेऊन दाखवलं, तपकिरीसारखं. झडपेला नवी पिन. बोल्टना रबरी नळ्या आणि वॉशर, दोन्हीकडून. शिवाय थर्मोस्टॅटच्या जोडीला टायमर लावलाय, मोटरचा लोड घेईल असा बघून, तो रात्री साडेदहाला फॅन बंद करतो.

काल रात्री नऊला खाली आईच्या खोलीत उभं राहून ऐकलं. आवाज येतो, नाही असं नाही, पण तो वाऱ्याचा येतो, लांबून. मी विचारलं त्रास होतोय का, तर तिचं उत्तर आलंच नाही, ती झोपली होती. पलंग मात्र अजून खोलीच्या दुसऱ्या टोकाला आहे, तो आज जागेवर आणतोय.

वंगणवाला
वा बाई, वा. दर उन्हाळ्याच्या आधी एकदा पाती पुसा आणि मागून बघा, कुंभारमाशी त्याच जागी परत येते.